ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच ना? (वसईच्या लग्नात पडलेला प्रश्न)

कऱ्हाकाठ
गेल्या रविवारी वसईला लग्नाला गेलो होतो. नवरी माझ्या ऑफिसातली, वसईची कॅथोलिक. नवरा नगरचा, तोही ख्रिस्ती. मी आपला मनात म्हणालो, चला, जातीतल्या जातीत झालं, दोन्ही घरं खूश असतील.

चर्चमध्ये माझ्या शेजारी नवऱ्याच्या आत्याबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात जुनं बायबल. लग्न लागलं, मग पुढे फादर पांढऱ्या पातळ चकत्या देऊ लागले आणि लोक रांगेत उभे राहिले. मला वाटलं प्रसाद. मी उठलो, तर आत्याबाईंनी बाही धरून खाली बसवलं. "बसा. ते आपल्याला नाही." मी म्हटलं, मला नाही हे कळलं, पण तुम्ही तर ख्रिस्ती! त्या म्हणाल्या, "आम्ही सीएनआयचे." एवढंच. जणू मला पुढचं सगळं कळायलाच हवं.

आणखी एक गंमत. सगळे मिळून एक प्रार्थना म्हणत होते. एका ठिकाणी वसईची बाजू थांबली आणि नगरची बाजू पुढे दोन ओळी म्हणत गेली. मग चपापून तेही थांबले. नंतर जेवताना कळलं की लग्न आठ महिने रखडलं होतं. पत्रिका जुळत नव्हती असं नाही, कागद जुळत नव्हते.

शाळेत मार्टिन ल्यूथरने चर्चच्या दारावर काहीतरी ठोकलं एवढं शिकलो होतो. त्याचा नगरच्या आत्याबाईंशी काय संबंध? कुणी नीट सांगेल का? विकिपीडिया वाचा म्हणू नका. वाचूनच आलोय, डोकं गरगरतंय.

लोकलचा_डबा
शैव आणि वैष्णव समजा. सोडा विषय.

कऱ्हाकाठ
आमच्याकडे शंकराच्या देवळात तीर्थ घ्यायला कुणी बाही धरून बसवत नाही हो.

गासकर
मी वसईचा, गास गावचा, कॅथोलिक. चकतीपासून सुरू करतो, कारण खरा पेच तिथेच आहे.

तुम्ही प्रसाद म्हणालात तो प्रसाद नव्हे. आमच्या श्रद्धेप्रमाणे मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, फादर प्रार्थना करतात तेव्हा ती भाकर ख्रिस्ताचं शरीर होते. शरीराची खूण नव्हे, शरीरच. म्हणून उरलेल्या चकत्या कुणी डब्यात भरून ठेवत नाही. आल्तारावरच्या, म्हणजे वेदीवरच्या, पेटीत कुलपात ठेवतात, शेजारी दिवा तेवत असतो, समोरून जाताना माणूस गुडघा टेकतो. लहान मुलालाही पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे पहिल्यांदा ही भाकर घेण्याआधी, धर्मशिक्षणाचे वर्ग करावे लागतात आणि कुमसार, म्हणजे पापनिवेदन, करावं लागतं. जो हे मानतो आणि पोपच्या अधिकाराखालच्या चर्चचा सभासद आहे, त्यालाच ते मिळतं. अपवाद आहेत, पण फार थोडे. आत्याबाईंनी तुम्हाला बसवलं आणि स्वतःही बसल्या, म्हणजे बाईंना आमचा नियम आमच्यातल्या काहींपेक्षा चांगला माहीत आहे!

आता आठ महिन्यांचं. कॅथोलिक मुलीने दुसऱ्या पंथाच्या बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागते. मुलीला लिहून द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथोलिक म्हणून वाढवण्याचा माझ्याकडून होईल तेवढा प्रयत्न करीन. मुलाला सही करावी लागत नाही, पण ही हमी दिली आहे हे त्याला सांगावं लागतं. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. आठ महिने बहुधा तोच शोधण्यात गेले असतील. शिवाय अशा लग्नात सहसा मिस्सा न करता नुसता विवाहविधी करतात, म्हणजे निम्मे पाहुणे रांगेत आणि निम्मे बाकावर, असा प्रसंगच येत नाही. तुमच्याकडे मिस्सा झाला म्हणजे तशी वेगळी परवानगी काढली असणार.

नगरी_पाव्हणा
आत्याबाईंच्या बाजूने मी बोलतो. मी पक्का नगरचा, आजोबा पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू, होते.

गासकर दादांनी श्रद्धेचं सांगितलं ते बरोबर. आम्ही प्रोटेस्टंट, म्हणजे ल्यूथरसारख्या सुधारकांमागे पोपपासून वेगळे झालेल्यांच्या परंपरेतले. पण महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट माणसाला "तू या पंथाचा का?" असं विचाराल तर खरं उत्तर ल्यूथर किंवा कॅल्विन हे सुधारक नसतात. खरं उत्तर असतं, "माझ्या पणजोबाच्या तालुक्यात कोणतं मिशन आलं होतं."

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ ला नगरला आले. ते काँग्रिगेशनल. म्हणजे त्यांच्यात बिशप नाही, गावची मंडळी आपला कारभार आपण पाहते, पाळक तीच निवडते. नगर, सोलापूर, सातारा हा त्यांचा मुलूख. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडीलजनांच्या सभेने कारभार चालवणारे. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्यांचंच. जालना आणि नागपूरला स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्यातल्याच एकाच्या नावाचं. नाशिकला अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे. बुलढाण्याला नाझरीन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, अकोल्याकडे अलायन्स. एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही असे या मिशनांचे आपसांत करार असत. आपल्याकडे साखर कारखान्यांचं ऊसक्षेत्र ठरलेलं असायचं ना, तसंच. त्यामुळे अकोल्याच्या माणसाने पाच पंथ तपासून अलायन्स निवडला असं काही झालेलं नाही. जो दारात आला, ज्याने शाळा काढली, दुष्काळात धान्य दिलं, त्याचा तो झाला.

नगरात मात्र हद्द मोडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एसपीजी नावाचं अँग्लिकन मिशन तिथे आलं आणि अमेरिकनांशी वाजलं. एकाच गावात एक वाडा "अमेरिकन" आणि एक "एसपीजी". दोघेही मराठी, नातेवाईक एकच, पण एकाकडे बिशप आणि झगे, दुसऱ्याकडे साधा कोट आणि तासाभराचं प्रवचन. माझ्या आजीच्या लग्नात यावरून रुसवेफुगवे झाले होते. आज दोन्ही सीएनआयमध्ये आहेत. तरी म्हातारी माणसं अजून विचारतात, "मुळातले कुठले?"

कऱ्हाकाठ
हे भारी आहे! पण सीएनआय म्हणजे नक्की काय? आत्याबाईंनी ते असं उच्चारलं की विचारायचा धीर झाला नाही.

नगरी_पाव्हणा
चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र आली. अँग्लिकन, आधीच एक झालेले काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, आणि डिसायपल्स. दक्षिणेत हेच १९४७ ला झालं होतं, स्वातंत्र्यानंतर दीड महिन्याच्या आत. अमेरिकन मेथडिस्ट मात्र नागपूरला अगदी शेवटच्या घटकेला मागे फिरले. म्हणून आजही मेथडिस्ट चर्च वेगळं दिसतं.

यातली अवघड गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, ज्याला स्वतःचं पाप कळतं त्यालाच द्या, आणि नुसते थेंब नकोत, पाण्यात बुडवून. एका चर्चमध्ये हे दोघे कसे राहणार? तोडगा निघाला तो अगदी आपल्या वळणाचा: दोन्ही चालेल. आणि बिशप नको म्हणणाऱ्या आमच्या काँग्रिगेशनल आजोबांनी बिशप पत्करला. ते शेवटपर्यंत त्याला "तुमचे बिशपसाहेब" म्हणत, "आमचे" कधी नाही.

ती प्रार्थनेची दोन ओळींची गंमत गासकर दादा सांगतील, का मी सांगू?

गासकर
मीच सांगतो, हसून हसून पुरेवाट झाली. येशूने शिकवलेली प्रार्थना ती. आम्ही "वाइटापासून सोडव" इथे थांबतो. प्रोटेस्टंट लगेच पुढे "राज्य, सामर्थ्य आणि गौरव तुझे" म्हणतात. मिस्सात आम्हीही ते शब्द म्हणतो, पण मध्ये फादरांची एक छोटी प्रार्थना येते, तिच्यानंतर. नगरवाल्यांनी एवढा वेळ धीर धरला असता तर सगळे पुन्हा एका सुरात आले असते.

तसंच दहा आज्ञांचं. आज्ञा त्याच, मोजणी वेगळी. "मूर्ती करू नको" हे आम्ही पहिल्या आज्ञेतच धरतो आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत मोजतो. त्यामुळे "सहाव्या आज्ञेचा भंग" म्हटलं की आमच्याकडे व्यभिचार, आणि आत्याबाईंच्या हिशोबाने खून! लिहिताना जपून.

निवृत्त_हेडमास्तर
मूर्तीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. वसईच्या चर्चमध्ये जागोजागी पुतळे, नगरच्या देवळात नुसता लाकडी क्रूस. कॅथोलिक लोक संतांची पूजा करतात हे खरं ना? आणि दुसरं, हे सगळे पंथ पैशाच्या जोरावर

[यापुढचा मजकूर काढला आहे. धर्मांतराच्या वादासाठी वेगळा धागा आहे, तिथे लिहावे. – संपादक]

गासकर
हेडमास्तर सर, पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर देतो. आराधना फक्त देवाची. संतांना आम्ही विनवतो की आमच्यासाठी देवाकडे शब्द टाका. घरातल्या थोरल्या काकाला मध्ये घालतो तसं. आमचा वसईचाच एक संत आहे, गोन्सालो गार्सिया. १५९७ साली जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला, १८६२ ला रोमने त्याला संत ठरवलं. त्याच्या पुतळ्यासमोर माझी आई मेणबत्ती लावते तेव्हा ती गावच्या माणसाशी बोलत असते.

नगरी_पाव्हणा
आणि आमचं म्हणणं इतकंच की मध्ये काका कशाला, बापाशी थेट बोला. 🙂 प्रोटेस्टंटपणाचा गाभा एका ओळीत हवा असेल तर हाच.

बांद्र्याची
मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला सप्टेंबरात आमच्याकडे जेवढे कॅथोलिक येतात त्याहून जास्त हिंदू येत असतील असं मला दरवर्षी वाटतं. मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहतात. प्रोटेस्टंट मैत्रीण एकदा बरोबर आली होती. माझ्याबरोबर भेळ खाल्ली, वर चर्चमध्ये काही आली नाही.

शरणपूरची_ताई
नाशिकचं नाव आलं म्हणून. शरणपूर हे अँग्लिकन मिशनने वसवलेलं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे प्रसिद्ध शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत होता आणि १८७४ ला त्याचं शव घेऊन इंग्लंडला गेला. विषयांतर झालं, पण नाशिककरांनाही हे माहीत नसतं म्हणून राहवलं नाही.

अँग्लिकन म्हणजे मधलं घर. १५३४ साली आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडला, पण बिशप, वेदी, झगे बरेचसे तसेच राहिले. म्हणून त्यांच्यातही दोन टोकं. पुण्याचं पंचहौद चर्च पाहा. धूप, वेदी, मेणबत्त्या यांच्यामुळे कॅथोलिक समजून लोक आत शिरतात, पण ते मुळात अँग्लिकन, आता सीएनआय. १८९० साली लोकमान्य टिळक, रानडे वगैरे मंडळी चहा प्यायली आणि पुण्यात प्रायश्चित्ताचा गदारोळ झाला, तो चहा इथल्याच मिशनचा.

कऱ्हाकाठ, तुमचा गोंधळ झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पंडिता रमाबाईंचंही हेच झालं होतं. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. पुढे तिथे आणि अमेरिकेत इतके पंथ भेटले की ख्रिस्ती देशांत एवढी मतमतांतरं कशी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) गोष्टींवर त्या आपल्या धर्ममातेशी पत्रांतून भांडल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी कुठल्या एका पंथाची पाटी लावली नाही. १९०५ ला तिथे मुलींमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. पेंटेकोस्टल लोक आपला इतिहास सांगताना केडगावचं नाव घेतात ते त्यामुळे, आणि लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध पेंटेकोस्टल जागृती त्यानंतरची, १९०६ ची.

पिंपरी_चिंचवड
पेंटेकोस्टल म्हणजे ते हॉलमध्ये ड्रम वाजवून टाळ्या पिटतात तेच ना? आमच्या सोसायटीसमोर आहे. दर रविवारी तीन तास.

शरणपूरची_ताई
तेच. पवित्र आत्म्याचं वरदान, अन्य भाषांत बोलणं, हात ठेवून आजार बरा होण्याची प्रार्थना, यावर भर. आमच्या जुन्या मंडळ्यांमधली तरुण मुलं तिकडे जातात ही प्रत्येक पाळकाची तक्रार. आणि बरेचदा तिथे पुन्हा बाप्तिस्मा देतात, कारण तान्हेपणीचा ते धरत नाहीत. कॅथोलिक आणि सीएनआय मात्र एकमेकांचा बाप्तिस्मा धरतात. म्हणूनच नवऱ्या मुलाला पुन्हा पाणी लावावं लागलं नाही, दाखला पुरला.

कोट्टयम_ते_कोथरूड
मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या. माझे वडील कोट्टयमहून आले, मी कोथरूडचा.

तुम्ही सगळे कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट एवढंच बोलताय. आम्ही दोन्ही नाही. मलंकारा ऑर्थोडॉक्स. संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळात आला ही आमची परंपरा. पोर्तुगीज आले तेव्हा आमच्याकडे आधीच चर्च होती, प्रार्थना सिरियाक भाषेत. पोर्तुगीजांनी १५९९ च्या उदयंपेरूर परिषदेत आम्हाला रोमच्या शिस्तीत बसवायला घेतलं. ३ जानेवारी १६५३ ला मट्टानचेरीला लोकांनी क्रूसाला दोर बांधून, दोर धरून शपथ घेतली की जेजुइटांचं (रोमच्या त्या संघाच्या पाद्र्यांचं) ऐकणार नाही. त्यातून फुटत फुटत आज किती झाले ते मोजा: सीरो-मलबार आणि सीरो-मलंकारा हे दोघे पोपला मानतात पण उपासना पूर्वेकडच्या पद्धतीची; ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट मानत नाहीत; मार्थोमा म्हणजे आमच्यातलेच सुधारणावादी, प्रोटेस्टंटांच्या जवळचे. आमच्याकडे लग्न झालेला माणूस पाद्री होऊ शकतो, बिशप नाही.

ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट यांची श्रद्धा एकच, भांडण प्रमुख कोण यावर. २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तरी गावागावात चर्चच्या चावीवरून पोलीस बोलवावे लागतात. आणि सीरो-मलबारमध्ये २०२१ ला पेटलं ते यावर की फादरांनी मिस्सात लोकांकडे तोंड करायचं की आल्ताराकडे. ठरलं असं की सुरुवातीला लोकांकडे, मधल्या मुख्य प्रार्थनेत आल्ताराकडे, शेवटी पुन्हा लोकांकडे. एर्नाकुलमच्या लोकांनी तेही मानलं नाही. कल्याणला त्यांचा धर्मप्रांत आहे, म्हणजे हे भांडण तुमच्यापासून फार लांब नाही.

लोकलचा_डबा
मी शैव-वैष्णव म्हणालो ते मागे घेतो.

मुक्तिफौजेचा_नातू
आमचं नाव कुणीच घेतलं नाही. साल्व्हेशन आर्मी, मराठीत मुक्तिफौज. १८८२ ला मुंबईत उतरली. पहिला अधिकारी टकर साहेब, त्याने नोकरी सोडून फकीरसिंग नाव घेतलं, अंगावर देशी कपडे चढवले. नगरचं बूथ हॉस्पिटल आमचं. गणवेश, बँड, कॅप्टन-मेजर अशी पदं. वर आठशे शब्द बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनावर लिहिले गेले. आमच्याकडे ते दोन्ही नाहीत. पाणी नाही, भाकर नाही. आजोबा म्हणायचे, रोजची भाकर वाटून खाल्ली की झालं प्रभुभोजन. लग्नात आमची काहीच अडचण नाही, फक्त दाखला मागितला की पंचाईत.

विदर्भकन्या
एक गोष्ट सगळेच टाळताहेत, मी बोलते. आडनाव सांगा, पंथ सांगते. डाबरे, तुस्कानो, लोपीस, परेरा म्हटलं की वसई, पोर्तुगीज, कॅथोलिक. साळवे, गायकवाड, आढाव म्हटलं की नगर-मराठवाडा, मिशन, प्रोटेस्टंट. आणि आडनावामागे जात उभीच असते. नगरकडच्या मंडळ्यांमध्ये महार आणि मांग समाजातून आलेले लोक मोठ्या संख्येने आहेत. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद ख्रिस्ती होऊनही राहिले. १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीची सवलत नाही, पंथ कुठलाही असो. कऱ्हाकाठ, आठ महिने नुसत्या दाखल्यात गेले असतील असं मला वाटत नाही.

गासकर
ताई, नाकारत नाही. आमच्या वाडीत लग्न ठरवताना "कोणतले?" हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि त्याचं उत्तर बायबलात नसतं.

नगरी_पाव्हणा
खरंय. आमच्या बाजूनेही "ते पोर्तुगीजांचे" असं म्हणणारे होतेच. आम्हाला एक वेगळी घमेंड: आम्ही शंभर वर्षांहून जास्त काळ मराठीत उपासना करतोय, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं टाळ-पेटीवर म्हणतोय, तेव्हा तुमचा मिस्सा लॅटिनमध्ये होता.

गासकर
लॅटिनचं मान्य. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आलं. पण मराठीत ख्रिस्ताची गोष्ट ओवीबद्ध केली ती आमच्या जेजुइट स्टीफन्सने, १६१६ साली, गोव्यात. तुमच्या टिळकांच्या पदांच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधी. 😄

कऱ्हाकाठ
सगळ्यांचे आभार. काल नगरला स्वागत समारंभ होता, आधी तिथल्या चर्चमध्ये छोटी उपासना झाली. पेटी, तबला, टिळकांचं पद, मला कीर्तनाला बसल्यासारखं वाटलं. पाळकसाहेबांची बायको स्वतःच प्रवचनाला उभी राहिली. ती प्रार्थना आली तेव्हा मी कान टवकारून होतो. वसईची माणसं थांबली, नगरची पुढे म्हणत राहिली, नवरी अर्धवट कुठेतरी पुटपुटत होती. मी आत्याबाईंकडे पाहिलं, त्यांनी डोळे मिटलेले होते पण हसू दाबलेलं दिसत होतं.

एक शेवटची शंका. वसईच्या जेवणात पोर्कचं इंदियाल होतं, आत्याबाईंनी हातही लावला नाही. काल नगरला मटण होतं, ते व्यवस्थित जेवल्या. पोर्क प्रोटेस्टंटांना चालत नाही का?

नगरी_पाव्हणा
चालतं की. धर्माचं त्यात काही नाही. आत्याबाई नगरच्या आहेत, बस.